आत्याच्या दुकानातलं जॅकेट

देवळीसारख्या गावात बर्फात घालायची जॅकेटं विकणारी बाई म्हणून लोक माझ्याकडे थोडं हसूनच बघतात. त्यांचं चुकत नाही. आमच्याकडे मे महिन्यात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं, आणि थंडी म्हणाल तर दिवाळीनंतरचे दोन-अडीच महिने, तीही सकाळच्या शेकोटीपुरती. बर्फ आम्ही बघतो तो लग्नात, सरबताच्या पिंपात. तरी गेली सात-आठ वर्षं मी ही जॅकेटं विकते आहे. या धंद्यातल्या गमती लिहा, असं मला सांगण्यात आलं. गमती आहेत, एक-दोन सांगतेही. पण लिहायला बसले की मन जातं ते एकाच जानेवारीकडे, आणि त्या जानेवारीत गंमत काही नव्हती.

आमचं दुकान मुळात गादी-रजईचं. माझं माहेर अल्लीपूरचं, घरी कापूस पिकायचा. लग्न होऊन इथे आले तर सासरीही कापूसच, फक्त पिंजलेला. मागच्या खोलीत पिंजणयंत्र, पुढे खोळी आणि सुई-दोरा. काही वर्षांत माझ्या बोटांना असं वळण लागलं की डोळे मिटून कापूस हातात दिला तरी मी सांगायची, हा पहिल्या वेच्याचा, हा शेवटच्या; हा नवा, हा कुणाच्या तरी जुन्या गादीतला पुन्हा पिंजून आणलेला. व्यापारी मला फसवायला बिचकायचे. याचा मला अभिमान होता. नव्हता असं कशाला म्हणू.

मग तयार गाद्या आल्या, फोमच्या, गुंडाळी करून खोक्यात घातलेल्या, आणि आमचं काम निम्म्यावर आलं. ह्यांची पाठ धरली, दुकान मी बघायला लागले. स्वेटर ठेवले, रेनकोट ठेवले. वर्ध्याला डोंगर चढायला जाणाऱ्या हौशी मंडळींचा एक गट आहे. दरवर्षी हिमालयात जातात. त्यांच्यातल्या एकानं विचारलं, बर्फातलं जॅकेट मागवाल का. मी उत्तरेकडच्या एका व्यापाऱ्याकडून मागवलं. एकाचे चार झाले, चाराचे वीस.

गिऱ्हाइकंही एकेक. एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, ऊब तपासल्याशिवाय मी घेणार नाही. समोरच्या आइस्क्रीमच्या दुकानात गेले, जॅकेट घालून फ्रीझरचं झाकण उघडलं आणि कमरेपर्यंत आत वाकून उभे राहिले. दुकानदार बिचारा शेजारी कोन हातात धरून. बऱ्याच वेळानं परत आले. कान लाल झालेले. म्हणाले, "डोस्कं गार पडलं, अंग नाई पडलं. बांधून द्या." दुसरं एक नवं जोडपं शिमल्याला निघालेलं. दोघांना एकाच रंगाचं हवं होतं, मापाची फिकीर नव्हती. नवरदेवाच्या बाह्या कोपरापाशी संपत होत्या. तो म्हणाला, "फोटोत हात मागं घेतो ना मी."

अशा गिऱ्हाइकांत मी रमून गेले होते. थंडी म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे असं मी धरून चालले होते. रजया विकणारीला थंडी ठाऊक नसेल तर कुणाला असणार.

वनिता मॅडम आंजीच्या शाळेत शिकवतात. पंचेचाळिशीच्या, शांत, हिशोबशीर बोलणाऱ्या. नोव्हेंबरमध्ये त्या दुकानात आल्या. डिसेंबरअखेर उत्तराखंडात बर्फातल्या पायवाटेनं पाच दिवस चालायचं होतं. त्यांच्या आयुष्यातला पहिला ट्रेक. हातात गटानं दिलेली यादी होती. त्यात लिहिलं होतं : जॅकेट सिंथेटिक भरणाचं, वजनाला हलकं, डोक्यावर टोपी असलेलं, आत स्वेटर मावेल एवढं सैल.

माझ्याकडे तेव्हा दोन प्रकार होते. एक आधीच्या मालातलं, राखाडी, पातळ दिसणारं, मुठीत दाबलं तर लहानशा उशीएवढं होणारं. दुसरं नुकतंच आलेलं, मरून रंगाचं, फुगलेलं, जडसर. मॅडमनी राखाडी उचललं.

मी म्हटलं, "मॅडम, हे पातळ काय घेता? यात तर आपल्या देवळीची थंडी निघणार नाई."

"काकू, यादीत हलकं लिहिलंय."

"यादी लिहिणाऱ्यानं लिहिलं. तुम्ही हातात घेऊन पाहा. वजनात ऊब असते."

हे वाक्य मी तीस वर्षं रजया विकताना म्हणत आले होते. रजईच्या बाबतीत ते खोटंही नाही. मॅडम तरी घुटमळल्या. मी आतलं लेबल उलटून दाखवलं. शंभर टक्के पॉलिस्टर भरण, असं त्यावर छापलं होतं. "हे पाहा, तुमच्या यादीतलंच आहे. वरून जाड. तुम्ही माझ्या जबाबदारीवर घ्या."

त्यांनी माझ्या जबाबदारीवर घेतलं.

संक्रांतीच्या आठवड्यात दुपारी त्या परत आल्या, नवऱ्याच्या गाडीवर मागे बसून. मी तिळगुळाची वाटी पुढे केली आणि विचारलं, "काय मॅडम, कसा होता बर्फ?"

त्यांनी तिळगूळ घेतला नाही. घ्यायला हात पुढे केला आणि तो तसाच थांबला. बोटांच्या टोकांची कातडी सुटली होती, ओठ फाटले होते. त्यांनी पिशवीतून ते मरून जॅकेट काढून काउंटरवर ठेवलं आणि स्टुलावर बसल्या.

"काकू, मी भांडायला नाही आले," त्या म्हणाल्या. "जे झालं ते सांगते. त्यातलं अर्धं मला आठवत नाही, ते सोबतच्या बाईंनी सांगितलेलं आहे."

तिसऱ्या दिवशी सकाळी चढ होता. थंडी म्हणून मॅडमनी जॅकेट अंगातच ठेवलं. चढताना घाम आला, आतून जॅकेट ओलं झालं. दुपारी बर्फ पडायला लागला, तो भुरभुरीत नव्हता, अंगावर पडला की विरघळणारा होता. मग वारा सुटला. मॅडम म्हणाल्या, जॅकेट असं जड झालं की कुणी ओली रजई खांद्यावर टाकावी. आधी त्या कुडकुडत होत्या. मग कुडकुडणं थांबलं, आणि त्यांना वाटलं की आता बरं वाटतंय.

"त्यानंतरचं मला माहीत नाही. बाई सांगतात, मी पायवाटेवर बसले. जॅकेटची चेन उघडली, स्वेटर काढायला लागले. म्हणत होते, उकडून राह्यलं, पंखा लावा. हजेरीपट कुठाय म्हणून विचारत होते."

दुकानात मी, हे आणि मॅडमचे यजमान. मॅडमचे यजमान बाहेर रस्त्याकडे बघत होते. बर्फात बसलेली ही शहाणी बाई पंखा लावा म्हणते, हे चित्र माझ्या डोक्यात मावेना. नंतर एका डॉक्टरांनी मला समजावलं की शरीर फार गार पडलं की माणसाला उलट उकडल्यासारखं होतं, तो अंगावरचे कपडे काढतो, आणि ती शेवटाजवळची पायरी असते. तेव्हा मला हे माहीत नव्हतं. मी तिळगुळाची वाटी काउंटरखाली ठेवून दिली.

त्यांच्या गाईडनं ते जॅकेट ओढून काढलं, ओले कपडे बदलले, झोपायच्या पिशवीत त्यांना घातलं आणि सोबतच्या बाईंना त्याच पिशवीत त्यांना बिलगून झोपायला लावलं. तंबूत नेल्यावर दोन तासांनी मॅडमना आपलं नाव सांगता आलं.

"गाईड म्हणाला, मॅडम, ये जॅकेट किसने दिया?" वनिता मॅडम म्हणाल्या. "मी काही बोलले नाही. मला फक्त एवढं पाहायचंय की यात आहे काय. कैची द्या."

कैची मी त्यांच्या हातात दिली नाही. ते काम माझं होतं. पाठीवरची शिवण धरून मी जॅकेट उभं चिरलं.

वर पॉलिस्टरचा पांढरा थर होता, बोटाच्या पेरापेक्षाही पातळ, वाऱ्यासारखा. बाहेरून दाबून पाहणाऱ्याच्या बोटाला लागावा एवढाच. त्याखाली कापूस. त्यात रंगीबेरंगी चिंध्यांचा चुरा मिसळलेला. मी चिमूट काढली, बोटांत चोळली. सरकीची साल टोचली. जिनिंगमध्ये, सरकी वेगळी करताना, खाली पडतो तो कचरा कापूस, जो आम्ही गादीतही कधी घातला नाही. नायलॉनच्या कापडावरून मला तो ओळखता आला नव्हता. डोळे मिटून कापूस ओळखणारी मी, उघड्या डोळ्यांनी तो विकला होता.

मी स्टीलच्या गंजात, म्हणजे उभ्या पातेल्यात, पाणी घेतलं. एका बाजूला मरून जॅकेटमधला कापूस टाकला, दुसऱ्या बाजूला राखाडी जॅकेटची एक शिवण उसवून त्यातलं भरण. दोन्ही दाबून भिजवलं आणि पिळून वर काढलं. राखाडीचं भरण झटकल्यावर पुन्हा फुललं. कापसाचा लगदा झाला आणि तो लगदाच राहिला.

हे काही मोठं शास्त्र नाही. ऊब कापडात नसते, कापडात अडकलेल्या हवेत असते. रजई गरम ठेवते कारण पिंजलेल्या कापसात हवा बसलेली असते. कापूस भिजला की हवा जाते आणि तिच्या जागी पाणी बसतं. आमच्या कोरड्या थंडीत, घरात, पलंगावर रजई भिजत नाही. डोंगरात माणूस आतून घामानं भिजतो, बाहेरून बर्फानं. पिसं भरलेलं जॅकेट हलकं आणि फार उबदार, पण भिजलं की तेही बसतं. सिंथेटिक धागा पाणी पीत नाही. ओला झाला तरी थोडीफार हवा धरून ठेवतो आणि लवकर वाळतो. म्हणून यादीत ते लिहिलेलं होतं. यादी लिहिणाऱ्याला माहीत होतं. मला नव्हतं.

मी मॅडमना काय म्हणाले ते आठवत नाही. माफी मागितली असेन. आठवतं ते एवढंच की हे मागून हळू आवाजात म्हणाले, "याच गठ्ठ्यातलं अल्लीपूरच्या सूरजले दिलं ना तू?"

त्या गठ्ठ्यातली सात जॅकेटं विकली गेली होती. पाच जणांना सकाळी गाडीवरून कामावर जाण्यापुरती हवी होती. सहावं मॅडमचं. सातवं सूरजचं.

सूरज म्हणजे माझ्या माहेरच्या शेजाऱ्यांचा, रमेशचा मुलगा. रमेश मला ताई म्हणतो, म्हणून सूरजची मी आत्या. सत्तावीस वर्षांचा, हिंगणघाटला गिरणीत सुपरवायझर. सुट्टी घेऊन तोही बर्फातला ट्रेक करायला निघाला होता. जॅकेट नेताना म्हणाला होता, जानेवारीत जातो. कुठे, कुणाबरोबर, हे मी विचारलं नव्हतं.

त्याचा फोन लावला. बंद. रमेशला लावला, वाजत राहिला, कुणी उचलला नाही. शेतात असला की त्याचा फोन घरी खुंटीला असतो. गाद्या पोचवायची आमची जुनी व्हॅन ह्यांनी काढली. वनिता मॅडम उठल्या, यजमानांना पुढे घरी जायला सांगितलं आणि आम्हाला काही न विचारता मागच्या सीटवर जाऊन बसल्या.

"मॅडम, तुमची तब्येत," मी म्हटलं.

"तिथल्या लोकांचे नंबर माझ्याकडे आहेत," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे नाहीत."

अल्लीपूरला पोचलो तेव्हा रमेशची बायको मंदा अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मला पाहून तोंडभर हसली. "काऊन ताई, अशा अचानक? फोन तरी करा लागत होता. बसा, चहा टाकतो."

"मंदा, सूरज कुठाय?"

"तो गेला ना बर्फात. चार दिवस झाले. परवा फोन आलता, पोचलो म्हणे." ती हातातलं सूप बाजूला ठेवत होती. मग तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. "काऊन? का झालं ताई?"

मी सांगितलं. जॅकेट खराब निघालं, आत कापूस आहे, ओलं झालं की उपयोगाचं नाही, त्याला कळवायला पाहिजे. मॅडमचं काय झालं ते मी सांगणार नव्हते. पण मंदा मॅडमच्या बोटांकडे बघत होती.

"त्याले काई झालं का?" तिनं विचारलं.

"नाही. अजून काही नाही."

ते 'अजून' माझ्या तोंडून गेलं. मंदा उंबऱ्यावर बसली. म्हणाली, "तो म्हणत होता, तिथं सारं सामान भाड्यानं भेटते. मीच म्हणलं, लोकायचं काऊन घालतं? आत्याच्या दुकानातूनच घेजो. ती वाईट देनार नाई."

तिच्या आवाजात आरोप नव्हता. आपण काय केलं ते ती आठवत होती. मला तिच्याकडे बघता येईना.

कॅलेंडरमागे ट्रेकवाल्यांचा छापील कागद खोचलेला होता. मॅडमनी तो वाचला. त्यांचा गट वेगळा होता, वाटही वेगळी, पण खालचं गाव तेच. त्यांनी आपल्या गाईडला फोन लावला. तो म्हणाला, ओळखीचे लोक आहेत, विचारून सांगतो. आम्ही चौघं अंगणात उभे. मंदानं चहा ठेवला होता तो उतू गेला, कुणी आत गेलं नाही. पंधरा मिनिटांनी फोन आला. मॅडमनी आवाज मोठा केला.

"मैडम, वो ग्रुप तो आज सुबह ही निकल गया. ऊपर बर्फ गिर रही है. मैं आदमी भेजता हूँ, खच्चरवाला जा रहा है. दूसरी जैकेट भेज देता हूँ उसके साथ."

मॅडमनी त्याला सूरजचं नाव दोनदा सांगितलं, जॅकेटचा रंग सांगितला. मग म्हणाल्या, "भैया, वही जैकेट है जो मेरी थी."

मग तो म्हणाला, "समझ गया."

रमेश शेतातून आला, त्याला सगळं कळलं. निघताना व्हॅनचं दार त्यानंच लावून दिलं आणि म्हणाला, "ताई, फोन आला की कळवजो." त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर मी देवळीपर्यंत नीट बसून आले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास एक बाई उशीच्या खोळी बघत होत्या. अनोळखी नंबरवरून फोन वाजला. तिकडे वाऱ्याचा असा आवाज की कुणी ताडपत्री झटकतंय.

"आत्या? मी सूरज."

मी खाली गादीवर बसले. "कुठं आहेस बाबा? बरा आहेस ना?"

"बरा हाय. जराक थंडी वाजून राह्यली. इथं वर एका जागी रेंज भेटते म्हून चढून आलो. आत्या, हे लोक म्हणते जॅकेट खराब हाय, दुसरं घाल. कालपासून माह्या मागं लागले. खाली गावातबी गाईड म्हणत होता, भाड्याचं घे. मी नाई घेतलं."

"काऊन नाई घेतलं?"

"तुम्ही देलं ना. मी त्याले म्हणलं, माही आत्या रजयाचं दुकान चालवते, तिले तुह्यापेक्षा जास्त समजते. आता हा खच्चरवाला दुसरं घेऊन आला. मी म्हणलं, आत्याशी बोलल्याशिवाय मी हे काढत नाई."

गाईडनं त्याला आधीच सांगितलं होतं. जीव वाचवायची सोय खालच्या गावात, त्याच्या हाताशी होती. ती त्यानं नाकारली ती माझ्यामुळे. खोटा माल माझ्या दुकानातून गेला, हा धक्का मी आदल्या दिवशी पचवायला लागले होते. पण माझं चांगलं नाव त्या पोराच्या अंगावर ओल्या कापसासारखं बसलं होतं, याची मला कल्पनाच नव्हती.

"सूरज, ऐक. मी आत्या बोलून राह्यली. ते जॅकेट आताच काढ. माझ्यासमोर काढ, फोन चालू ठेव."

"आत्या, पण."

"त्यात कचरा कापूस आहे. मी कापून पाह्यलं. मला समजलं नाई, बाबा. मला काहीच समजत नव्हतं. त्या गाईडला समजते. तो म्हणेल ते कर."

मग चेन उघडल्याचा आवाज आला, कुणीतरी हिंदीत "हाथ डालो, हाथ" म्हणालं, आणि सूरज पुन्हा फोनवर आला. आवाज उतरलेला.

"काढलं आत्या. आतून ओलं हाय, कालपासूनच." मग म्हणाला, "मले वाटलं असंच असते."

खोळी बघणाऱ्या बाई कधी निघून गेल्या मला कळलं नाही.

सूरजचा ट्रेक पूर्ण झाला. तो सुखरूप आला, गिरणीत रुजू झाला. वरच्या मुक्कामाला आणखी बर्फ होता, असं त्यानं नंतर सांगितलं. किती, ते मी विचारलं नाही.

बाकीच्या पाच जणांना मी एकेक करून गाठलं आणि जॅकेटं परत घेतली. त्यातल्या एकानं दिलं नाही. म्हणाला, "काकू, मले तर मस्त गरम होते." त्याला होत असणारच. देवळीत ते चालतं.

त्या व्यापाऱ्याला फोन केला. मला वाटलं होतं तो नाकबूल होईल, दुसऱ्या कुणावर ढकलेल. त्यानं तसं काही केलं नाही. अगदी सहज म्हणाला, "माताजी, वो माल तो आपकी तरफ के लिए ही है. वहाँ कौन बर्फ में जाता है?"

म्हणजे डोंगराजवळच्या दुकानांना एक माल आणि आमच्यासारख्यांना दुसरा, हे ठरलेलं होतं. उन्हातल्या माणसाला थंडी काय कळणार, असा त्याचा हिशोब. मी फोन ठेवला. राग नंतर आला. आधी असं वाटलं की या माणसानं मला बरोबर ओळखलं होतं.

मी माल बदलला, माणूस बदलला. आता गठ्ठा आला की त्यातलं एक जॅकेट मी गिऱ्हाइकासमोर चिरते. भरण गंजात भिजवते, पिळते, झटकते. फुललं तर माल ठेवायचा. वजन कमी असेल तर मी घाबरत नाही. गिऱ्हाइकाला आत स्वेटर घालून वर जॅकेट घालायला लावते आणि दोन्ही हात डोक्यावर न्यायला सांगते. पाठ उघडी पडली तर माप मोठं हवं. टोपी बघते, मनगटाची पट्टी बघते. आणि जे मॅडमना सांगायला मला यायला हवं होतं, ते प्रत्येकाला सांगते : चढताना हे काढून पाठीवरच्या पिशवीत ठेवा, थांबलात की लगेच घाला, बर्फ पडत असेल तर यावर पाणी न शिरणारं पातळ जॅकेट चढवा. चांगल्यातलं चांगलं जॅकेटही घामानं भिजवायचं नसतं. लोक म्हणतात, काकू, तुम्ही गेला होता का बर्फात? मी नाही म्हणते. पूर्वी हा प्रश्न कुणी विचारला असता तर मला राग आला असता.

वनिता मॅडम पुढच्या वर्षी पुन्हा गेल्या. मला वाटलं होतं त्या डोंगराचं नाव काढणार नाहीत. राखाडी जॅकेट माझ्याकडूनच नेलं, मात्र घरून स्वतःची कैची घेऊन आल्या होत्या. शिवणीचे दोन टाके उसवले, आत बोट घातलं, आणि मग म्हणाल्या, "आता शिवून द्या." त्यांच्यासारखं गिऱ्हाईक मला तीस वर्षांत भेटलं नव्हतं.

मंदा मात्र तशी नाही. मागच्या उन्हाळ्यात तिच्या मुलीचं, सूरजच्या बहिणीचं लग्न ठरलं. रुखवतात द्यायला रजई हवी म्हणून ती अल्लीपूरहून आली. हिंगणघाट जवळ होतं, तिथे दुकानं होती. ती देवळीला आली. रंग पसंत केला, माप सांगितलं आणि पिशवी उचलून निघाली.

मी म्हटलं, "थांब मंदा. शिवायच्या आधी कापूस पाहून घे."

"मी काय पाहू त्यात? तुम्ही भरान तो चांगलाच असंन."

मी त्याच कापसानं भरलेली, तोंड अजून न शिवलेली एक खोळ तिच्यापुढे धरली. "हात घाल आत."

"ताई, माहा इश्वास हाय ना तुमच्यावर."

"असू दे," मी म्हटलं. "हात घाल."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग बांगड्या कोपरापर्यंत मागे सारल्या, हात खोळीत घातला, आणि बराच वेळ आत चाचपत राहिली.